मेंदू आणि संप्रेरकं: आमच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर आहे आणि मेंदू व अंतःस्रावी ग्रंथी एकमेकांशी कसं बोलतात यावर संशोधन करते. रुग्ण, त्यांचे नातेवाईक, विद्यार्थी आणि व्याख्यानानंतर थांबून बोलणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न एका ओळीत संपणारे नाहीत. यातलं काही वाचून स्वतःचं औषध स्वतः सुरू किंवा बंद करू नका, एवढी विनंती आधीच करते.

तुम्ही नक्की कशाच्या डॉक्टर? मेंदूच्या की हॉर्मोन्सच्या?

दोन्हींच्या मधल्या जागेच्या. या शाखेला न्यूरोएंडोक्राइनॉलॉजी म्हणतात. आठवड्यातले दोन दिवस मी रुग्ण तपासते: पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठी असलेले, वेळेवर वयात न आलेले, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक फार वाढलेले किंवा अगदीच कमी पडलेले. बाकीचे दिवस प्रयोगशाळेत आणि आकडेमोडीत जातात. मेंदू आपली संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन्स, ठोक्याठोक्यानं सोडतो. तो असं का करतो, हा ठेका कोण धरतं आणि तो बिघडला की माणसाचं काय होतं, हा माझा विषय. खालची बरीच उत्तरं फिरून या ठेक्यापाशीच येतील.

मेंदूचा आणि ग्रंथींचा संबंध येतो तरी कुठे?

डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडात एक खळगा असतो. तो खोगिरासारखा दिसतो म्हणून शरीरशास्त्रात त्याला 'तुर्की खोगीर' असंच नाव पडलं आहे. त्यात वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पिट्यूटरी ग्रंथी बसलेली असते. तिच्या वर, एका नाजूक देठानं जोडलेला हायपोथॅलॅमस असतो. सगळा मिळून सुमारे ४ ग्रॅमचा. भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान, ताण, पाळी, या सगळ्यांचा कारभार या ४ ग्रॅममधून चालतो.

पिट्यूटरीच्या मागच्या भागात हायपोथॅलॅमसमधले चेतातंतू थेट उतरतात. पुढच्या भागात ते जवळजवळ नाहीतच. मग मेंदूचा निरोप तिथे पोचतो कसा? या कोड्याचं उत्तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी शोधलं. देठात अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. हॅरिस यांनी प्राण्यांमध्ये देठ कापला, तर काहींमध्ये या वाहिन्या पुन्हा जुळून आल्या आणि ग्रंथी पूर्वीसारखी काम करू लागली. मग त्यांनी कापलेल्या दोन टोकांच्या मध्ये मेणकागदाचा एक लहानसा तुकडा सरकवला. वाहिन्या जुळल्या नाहीत आणि ग्रंथी थंडावली. पुढे १९५२ मध्ये डोरा जेकबसन यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की पिट्यूटरी काढून हायपोथॅलॅमसच्या खाली लावली तर चालते, दुसरीकडे लावली तर चालत नाही. म्हणजे मेंदू रक्तातून निरोप धाडत होता. निरोपात काय लिहिलंय हे मात्र तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हतं.

मग तो निरोप वाचला कुणी?

रॉजर गिलमिन आणि अँड्र्यू शॅली या दोघांनी, एकमेकांशी चुरस करत. गिलमिन यांच्या गटानं मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस गोळा केले, शॅली यांच्या गटानं डुकरांचे. गिलमिन यांना सुमारे ३ लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून हाती लागलं ते फक्त १ मिलिग्रॅम. १९६९ मध्ये त्याची रचना कळली. ते टीआरएच होतं, थायरॉइडला जागं करणारी साखळी सुरू करणारं, आणि त्यात अमिनो आम्लं फक्त ३. एवढ्या वर्षांच्या मेहनतीतून निघालेला रेणू इतका लहान आहे हे मी शिकताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटावंसंच वाटेना.

१९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळाला आणि अर्धा रोझलिन यालो यांना. यालो मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. सॉलोमन बर्सन या डॉक्टर सहकाऱ्यासोबत त्यांनी किरणोत्सारी खूण लावून रक्तातली संप्रेरकं मोजायची पद्धत काढली. बर्सन १९७२ मध्ये गेले, त्यामुळे पारितोषिकात त्यांचं नाव नाही. आज लॅबमधून येणाऱ्या तुमच्या रिपोर्टवर जे 'पिकोग्रॅम' लिहिलेलं असतं, ते मोजणं या कामामुळे शक्य झालं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

रक्त एकदा तपासलं की हॉर्मोनची पातळी कळत नाही का?

काही संप्रेरकांची कळते, बऱ्याच संप्रेरकांची नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

कॉर्टिसॉल घ्या. निरोगी माणसात ते मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं, पहाटे चढू लागतं, सकाळी उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं आणि दिवसभर उतरत जातं. या मोठ्या चढउताराच्या पोटात साधारण तासातासाला लहान लाटा असतात. सकाळी ८ ला चोख असलेला आकडा रात्री १२ ला आला, तर तो आजाराचं लक्षण असू शकतो. म्हणून ज्या रिपोर्टवर वेळ नाही तो कॉर्टिसॉलचा रिपोर्ट मी बाजूला ठेवते, आकडा कितीही सुबक असला तरी.

ग्रोथ हॉर्मोनची तर गोष्टच वेगळी. ते मुख्यतः गाढ झोपेत मोठ्या उसळ्यांनी येतं, मधल्या वेळात जवळपास शून्य. दुपारी सहज काढलेल्या रक्तातून त्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं असतं.

आणि लाटा म्हणजे नुसती गैरसोय असंही समजू नका. लाटांमध्येच अर्थ भरलेला असतो. १९७० च्या दशकात अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटानं माकडांवर एक प्रयोग केला. हायपोथॅलॅमसमधून येणारं जीएनआरएच हे संप्रेरक थांबवलेल्या माकडांना त्यांनी ते बाहेरून दिलं. तासाला एक ठोका असं दिलं तेव्हा पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच ही अंडाशय-वृषणांना चालना देणारी संप्रेरकं सोडू लागली, सगळं चक्र चालू झालं. तेच औषध सतत, संथ धारेनं दिलं तेव्हा पिट्यूटरी काही दिवसांत गप्प झाली. रेणू तोच, फक्त देण्याची चाल बदलली आणि परिणाम उलटा झाला. ठोके जलद असले तर पिट्यूटरी एलएचकडे झुकते, मंद असले तर एफएसएचकडे.

हे निव्वळ कुतूहलापुरतं राहिलं नाही. ज्या मुलांच्या मेंदूतलं हे चक्र फार लवकर सुरू होऊन ती अकाली वयात येऊ लागतात, त्यांना जीएनआरएचसारखंच, पण शरीरात दीर्घकाळ टिकणारं औषध देतात. पिट्यूटरीला सतत एकच सूर ऐकू येतो, ती दाद देणं बंद करते आणि वयात येणं थांबतं. प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि एंडोमेट्रिओसिस या स्त्रियांच्या आजारातही हीच युक्ती वापरतात. उलट, ज्यांच्यात जीएनआरएच येतच नाही अशांना छोट्या पंपातून दीड-दोन तासांनी एक ठोका देऊन मूल होऊ शकतं.

हा ठेका धरतं कोण?

हायपोथॅलॅमसच्या तळाशी काही चेतापेशी आहेत ज्या किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन हे तीन रेणू बनवतात. न्यूरोकायनिन त्यांना एकमेकींकरवी चेतवतं, डायनॉर्फिन लगाम खेचतं आणि किसपेप्टिन पुढच्या जीएनआरएच पेशींना हाक देतं. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूत अगदी बारीक प्रकाशतंतू बसवून या पेशींची हालचाल पाहिली गेली. पडद्यावर बराच वेळ सपाट रेघ, मग सगळ्या पेशी एकदम उजळतात, आणि काही मिनिटांत रक्तात एलएचचा ठोका दिसतो. पुन्हा सपाट. पुन्हा उजेड. असा आलेख पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

लॅब बदलली की रिपोर्ट बदलतो. कुणावर विश्वास ठेवायचा?

शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच वेळेला तपासत जा. पद्धती वेगळ्या असतात, म्हणून दोन लॅबचे आकडे शेजारी मांडून 'वाढलं' किंवा 'उतरलं' म्हणता येत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे: बायोटिन. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ते बऱ्याच मोठ्या मात्रेत असतं. अनेक हॉर्मोन चाचण्यांच्या रसायनांमध्येही बायोटिन वापरलेलं असल्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन चाचणीत ढवळाढवळ करतं. थायरॉइडला हुकूम देणारं पिट्यूटरीचं टीएसएच खोटंच कमी आणि थायरॉइडचं थायरॉक्सिन खोटंच जास्त येतं, म्हणजे थायरॉइड अतिसक्रिय झाल्याचं हुबेहूब चित्र. औषध सुरू करण्याच्या बेतात असताना रुग्णानं सहज पिशवीतून केसांच्या गोळ्यांची बाटली काढली, असा प्रसंग माझ्यासमोर घडला आहे. गोळ्या दोन दिवस बंद केल्या, पुन्हा तपासलं, सगळं ठीक. तेव्हापासून औषधं विचारताना मी 'डॉक्टरांनी न दिलेलं काय घेता' हे वेगळं विचारते.

ताणामुळे मेंदू खरंच आकसतो का?

मेंदूला कॉर्टिसॉल कळतं हेच मुळात उशिरा लक्षात आलं. १९६८ मध्ये ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांचं कॉर्टिसॉल, उंदरांना दिलं, तेव्हा ते हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन साठलं. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग. तोवर कॉर्टिसॉलसारख्या स्टेरॉइडचं मेंदूतलं काम हायपोथॅलॅमसपुरतं असेल असाच समज होता.

माणसात याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा कुशिंग सिंड्रोममध्ये दिसतो. तिथे शरीर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, अति कॉर्टिसॉल बनवत राहतं. या रुग्णांचा हिप्पोकॅम्पस लहान झालेला सापडतो, विसराळूपणा आणि नैराश्य येतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारानंतर हा आकार काही प्रमाणात भरून आलेला दिसला. मला या विषयात ओढून आणलं ते याच निष्कर्षानं: घट झाली तरी ती सगळीच कायमची नसते. पण कुशिंगमधलं कॉर्टिसॉल आणि परीक्षेच्या किंवा कामाच्या ताणातलं कॉर्टिसॉल यांची तुलना करू नका. रोजच्या ताणानं तुमचा मेंदू आकसतोय अशी भीती बाळगायचं कारण नाही.

मला 'अ‍ॅड्रिनल फटीग' आहे असं सांगितलं गेलंय. उपाय काय?

अ‍ॅड्रिनल म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथी; त्या 'थकल्या' असं निदान एंडोक्राइनॉलॉजीत नाही. तुमचा थकवा मात्र खरा आहे, म्हणून त्याचं कारण शोधायला हवं: रक्तक्षय, थायरॉइड, झोपेतले श्वासाचे अडथळे, नैराश्य. अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होणं हा वेगळा, गंभीर आणि चाचणीनं सिद्ध होणारा आजार आहे. या नावाखाली कुणी स्टेरॉइड देत असेल तर घेऊ नका.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यापासून घरातला माणूस बदललाय. हा गोळ्यांचा परिणाम असू शकतो?

हो, आणि तुमच्या लक्षात आलं हे फार बरं झालं. झोप उडणं, अखंड बोलणं, अवाजवी उत्साह, चिडचिड, क्वचित भ्रम हे सगळं प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्यांनी होतं आणि ते मात्रेवर अवलंबून असतं. १९७२ च्या एका गाजलेल्या पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत गंभीर मानसिक लक्षणं १.३ टक्क्यांना दिसली, तर ८० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत १८.४ टक्क्यांना. ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांना लगेच कळवा.

पण गोळ्या एकदम बंद करू नका. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच औषध, मिळालं की हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरी हात आखडतात, अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. गोळी अचानक तोडली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. मात्रा टप्प्याटप्प्यानं उतरवायची असते.

मुलगा १५ वर्षांचा झाला, अजून वयात आल्याची खूण नाही. त्याला वास येतो का, हे का विचारलं?

कारण वास आणि वयात येणं यांचा उगम एकाच जागी आहे.

बहुतेक उशिरा वयात येणारी मुलं पूर्ण निरोगी असतात. आईवडिलांपैकी कुणीतरी तसंच उशिरा वाढलेलं असतं आणि थोडं थांबलं की घोडं आपोआप पुढे जातं. मुलाच्या वृषणांची वाढ १४ व्या वर्षापर्यंत किंवा मुलीच्या स्तनांची वाढ १३ व्या वर्षापर्यंत सुरू झाली नसेल तर तपासायचं, एवढाच नियम. पण त्यातल्या काही थोड्यांना कालमन सिंड्रोम असतो.

जीएनआरएच बनवणाऱ्या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत त्या नाकाच्या जागी तयार होतात आणि वासाच्या नसांचा माग धरून कवटीत शिरतात, पुढे हायपोथॅलॅमसपर्यंत चालत जातात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, त्यात या फक्त काही हजार. तरी माणसाची पुढची पिढी त्यांच्यावर अवलंबून. वासाच्या नसा नीट घडल्या नाहीत तर या पेशींची वाट चुकते. मग मुलाला वास येत नाही आणि ते वयातही येत नाही.

अडचण अशी की जन्मतः वास नसलेल्याला आपल्याकडे काहीतरी कमी आहे हे कळतच नाही. एका मुलाला मी डोळे मिटायला सांगून नाकाखाली साबण धरला. त्यानं विचारलं, "आता काय व्हायला पाहिजे?" शाळेत कुणी 'वास येतोय' म्हणालं की तोही मान डोलवायचा, सगळे डोलवतात म्हणून. आई शेजारी बसली होती. तिलाही तेव्हाच कळलं.

याला उपचार आहे. टेस्टोस्टेरॉननं वाढ सुरू करता येते आणि पुढे मूल हवं असेल तेव्हा एफएसएच-एलएचची इंजेक्शनं किंवा ठोक्यांचा पंप वापरता येतो. म्हणून लाजून थांबू नका.

बाळ ठणठणीत आहे, तरी टाच टोचून रक्त का घेतात?

जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ सुरुवातीला ठणठणीतच दिसतं, कारण आईचं थायरॉक्सिन त्याच्या अंगात आलेलं असतं. ते संपतं आणि मेंदूच्या वाढीला लागणारं इंधन तुटतं. दर २,००० ते ४,००० बाळांमागे एकाला हा आजार असतो. टाचेच्या रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तो पकडायची पद्धत १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्युबेकमध्ये सुरू झाली. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखंच वाढतं. उशीर झाला तर बुद्धीचं झालेलं नुकसान भरून निघत नाही. आमच्या अख्ख्या शाखेनं केलेल्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम कुठलं असं विचारलंत, तर मी हेच सांगेन. टाच टोचू द्या, आणि रिपोर्ट आला की नाही याचा पाठपुरावा करा.

प्रोलॅक्टिन वाढलंय आणि एमआरआयमध्ये पिट्यूटरीत गाठ दिसली. ऑपरेशन करावं लागेल?

बहुधा नाही. प्रोलॅक्टिन हे अंगावर दूध आणणारं पिट्यूटरीचं संप्रेरक. त्यावर मेंदूचा सततचा लगाम असतो आणि तो लगाम म्हणजे डोपामिन. डोपामिनसारखं काम करणारी कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एक-दोनदा घेतली की प्रोलॅक्टिन उतरतं आणि बहुतेक वेळा गाठही आक्रसते. गाठींमध्ये फक्त औषधानं इतका छान प्रतिसाद देणाऱ्या फार कमी आहेत.

त्याआधी इतर कारणं पाहायला हवीत: गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, आणि डोपामिन अडवणारी औषधं. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड किंवा डॉमपेरिडोन आणि मनोविकारांवरची रिस्पेरिडोन ही त्यातली नेहमीची. मनोविकाराची गोळी मात्र मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नका. डोकं फार दुखू लागलं किंवा दोन्ही बाजूंचं कडेचं दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दृष्टीच्या नसा पिट्यूटरीच्या अगदी डोक्यावरून जातात.

वजन कमी होत नाही हा मनाचा कमकुवतपणा की मेंदूचा दोष?

'कमकुवतपणा' हा शब्द मी माझ्या खोलीत वापरू देत नाही.

१९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचा जनुक शोधला. लेप्टिन चरबीच्या पेशी बनवतात आणि ते हायपोथॅलॅमसला सांगतं, साठा पुरेसा आहे. काही मोजक्या मुलांमध्ये जन्मतः लेप्टिन बनतच नाही. त्यांची भूक कधीच शमत नाही, मेंदूच्या लेखी ती कायम उपाशी असतात. त्यांना लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर भूक शांत झाली, वजन उतरलं. ज्या भुकेला लोक हावरटपणा म्हणत होते ती एका रेणूच्या अभावी होती.

सर्वसाधारण लठ्ठपणात मात्र लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही, म्हणून तिथे ही इंजेक्शनं चालली नाहीत. हल्ली गाजत असलेली जीएलपी-१ वर्गातली औषधं आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करतात आणि भूक कमी करण्याचं त्यांचं बरंचसं काम मेंदूतच होतं. ती बंद केली की वजन बहुधा परत चढतं, कारण मेंदू आपला जुना हिशेब विसरलेला नसतो.

ऑक्सिटोसिनचा स्प्रे मारला की माया वाढते?

नाही. प्रसूतीत आणि अंगावर पाजताना ऑक्सिटोसिनचं काम पक्कं आहे. नाकातून दिल्यावर वागणूक बदलते असे सुरुवातीचे बरेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्वमग्न मुलांना या स्प्रेचा सामाजिक वागण्यात खोट्या औषधापेक्षा जास्त फायदा झाला नाही. आशा लावून बसलेल्या पालकांना हे सांगणं जड जातं, पण सांगायलाच हवं.

उंदरांवर प्रयोग करायलाच हवेत का?

चेतापेशी ठोका देत असताना तिला जागच्या जागी पाहायचं असेल तर आज दुसरा मार्ग नाही. प्रत्येक प्रयोगाआधी नैतिक समितीची परवानगी लागते, कमीत कमी प्राणी वापरायचे असतात. आणि आमच्या विषयात प्राण्याशी प्रेमानं वागणं ही शास्त्राचीही गरज आहे. शेपटीला धरून उचललेला उंदीर घाबरतो. त्यापेक्षा नळीतून किंवा ओंजळीत घेतलेला उंदीर कमी भितो, हे २०१० मध्ये नीट दाखवलं गेलं. घाबरलेल्या उंदराचं कॉर्टिकोस्टेरॉन चढतं आणि मग मी मोजते ती फक्त माझ्या हाताची भीती. म्हणून आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की पहिले दोन आठवडे तो फक्त उंदीर हाताळायला शिकतो.

प्रयोगशाळेतला शोध औषध व्हायला किती वर्षं लागतात?

एक उदाहरण सांगते. १९९० च्या सुमारास नेओमी रान्स यांनी मृत्यूनंतर दान मिळालेले स्त्रियांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी फुगून मोठ्या झालेल्या होत्या, आणि त्यांत न्यूरोकायनिन-बी खच्चून भरलेलं होतं. वर सांगितलेल्या ठेका धरणाऱ्या पेशी त्या याच. इस्ट्रोजेनचा लगाम सुटल्यामुळे त्या अतिरेकी काम करत होत्या आणि शेजारच्या तापमान राखणाऱ्या भागालाही चेतवत होत्या. मध्यरात्री अंगाची लाही होऊन घामानं चिंब होत उठणं, ज्याला आपण हॉट फ्लशेस म्हणतो, त्याचं मूळ इथे होतं. न्यूरोकायनिनचा दरवाजा अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

म्हणजे ३३ वर्षं. कितीतरी पिढ्यांच्या स्त्रियांना 'वयाचं आहे, सहन करा' एवढंच सांगितलं गेलं. त्या काळात कुणीतरी काचपट्टीवर एकेक पेशी मोजत होतं.

मला या क्षेत्रात यायचंय. काय शिकू?

एमबीबीएसनंतर येता येतं, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्रातूनही येता येतं. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकाच, ठोके ओळखायचे ते आलेखातून. आणि सॅम्पल सांभाळायला शिका. अ‍ॅड्रिनलला हुकूम देणारं पिट्यूटरीचं एसीटीएच रक्तात फार लवकर विघटित होतं. रक्त गोठू न देणारी ईडीटीएची नळी, बर्फ, थंड सेंट्रिफ्यूज, उणे ८० अंशांचा फ्रीझर, यातली एक पायरी चुकली की आकडा येतो, पण खोटा. उमेदवारीच्या काळात माझ्याकडून एका रात्रीची सगळी सॅम्पल्स तासभर टेबलावर राहिली होती. ती देणारा माणूस रात्रभर जागला होता. त्याला फोन करून खरं सांगितलं, तो पुन्हा आला. ते ओझं अजून मनावर आहे.

अभ्यासात स्वयंसेवक म्हणून भाग घ्यायचा असेल तर काय करावं लागतं?

आधी बोलणं, लेखी माहिती, घरी जाऊन विचार करायला वेळ, मग सही. मधेच नको वाटलं तर कारण न देता केव्हाही थांबता येतं.

ठोक्यांच्या अभ्यासात २४ तास राहावं लागतं. हातात एक कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी बारीक नळी, बसते आणि दर १० मिनिटांनी थोडं रक्त घेतलं जातं, म्हणजे १४४ वेळा. ऐकून दचकू नका, दर वेळी टोचत नाही आणि एकूण रक्त रक्तदानाच्या एका पिशवीपेक्षा कमी असतं. तिला जोडलेली नळी लांब असते, ती भिंतीतल्या छोट्या भोकातून शेजारच्या खोलीत जाते. तिथे सिस्टर बसलेल्या असतात, तुमची झोप मोडू नये म्हणून. पहाटे ३ ला त्या खोलीत फक्त सेंट्रिफ्यूजची घरघर आणि वहीत वेळ लिहिणारं पेन असतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्युला निघाल्यावर त्या जागी बोळा ५ मिनिटं दाबून धरा, चोळू नका. तुमचा आलेख तुम्हाला हवा असेल तर सहीच्या कागदावर तसं लिहा, तयार झाला की मी स्वतः समोर बसून समजावून सांगते.